लाइटवाल्याची पाखरं

दिवस बुडाला की कापलेल्या धानाच्या बांधीतून,
धसकटांच्या बुडातून ती उठतात.
खोडकिड्याची, पिवळट, पंखावर एकच काळा ठिपका,
काही भुरकट,
काही नुसती पीठ सांडल्यासारखी.
मी बांबूवर हॅलोजन चढवतो,
पेटी जुळायच्या आधी तीच नाटकाला हजर.
ना तिकीट, ना खुर्ची.

दहाची वेळ, साडेअकराला पडदा.
दुसऱ्या अंकात युवराज नान्हे
छातीवर हात ठेवून म्हणतो,
"करुणे, मी पतंग, तू ज्योत!
जळून जाईन, पण माघारी फिरणार नाही!"
शिट्ट्या. टाळ्या.
मागच्या तट्ट्याजवळून कोणीतरी:
"मंग जळून जाय ना गा लवकर,
थंडी वाजून रायली!"

तेरा सीझन झाले, कंपन्या तीन.
करुणेची कधी वंदना होते, कधी रोशनी.
पतंग तोच.
एकदा आरमोरीकडं,
'ज्योत' म्हणायला त्यानं तोंड उघडलं
आणि एक पाखरू थेट घशात.
ठसका लागला, डोळे भरून आले, आवाज फाटला.
बाया पदराला डोळे पुसत होत्या.
त्या रात्री वन्समोअर.
तेव्हापासून तो तिथं मुद्दाम खोकतो.

मी शिडीवर असतो. मला जवळून दिसतं.
त्यांना दिव्याकडं यायचंच नसतं.
ती उजेडाला पाठ करतात,
रोज आभाळाला करतात तशी.
उजेड पाठीवर, जमीन पोटाखाली,
एवढाच त्यांचा हिशोब.
आणि मी आडवं टांगून ठेवतो
पाचशे वॅटचं एक आभाळ.
मग ती वळतात, आणखी वळतात,
उलटी होतात,
तबल्यावर पडतात.
हे मी लेखकाला सांगितलं होतं वडशाला, चहा पिताना.
तो म्हणाला, खरं असेल बाबा,
पण टाळी कुठं घ्यायची?

आम्ही ढिवर. माय कोसा करायची.
ऐनाच्या झाडावर अळ्या सोडायची,
दिवसभर गोफण घेऊन
कावळ्यांना शिव्या.
बीजकोश फोडून संध्याकाळी पतंग निघायचा
ओला, चुरगळलेला, लग्नातल्या रुमालासारखा.
मग पसरायचा. माझ्या दोन तळव्यांएवढा.
पंखांवर चार चंद्र, काचेचे,
त्यातून मला मायची बांगडी दिसायची.
"याले तोंड नाई," माय म्हणे.
"खायाचं ते अळीपणीच खाऊन झालं.
आता चारआठ दिस, अन् जोडी."
ती माद्या सुतळीनं वळचणीला बांधायची.
नर यायचे रानातून, कुठून कुठून,
मिशांची पिसं पसरून.
मी कंदील घेऊन पाहायला धावलो की ओरडायची:
"इझव तो! उजेडात तिचा माग नाई लागत त्याले."

यंदा मंडईच्या दुसऱ्या रात्री
कोशाचा एक नर आला, तांबूस, भला मोठा.
रंगवलेल्या महालाच्या खिडकीवर आपटला,
मग दिव्यावर, मग परत खिडकीवर.
पंखाची भुकटी उडत होती
माझ्या हातावर.
खाली युवराज 'मी पतंग'पर्यंत आला होता.
मी मेन स्विच ओढला.

लोक ओरडले, लाइन गेली, लाइन गेली.
पेटी एका सुरावर अडकून राहिली.
काळोखात काही दिसेना,
फक्त थंडी आणि धानाच्या तणसाचा वास.
मग स्टेजवरून एक बारीक आवाज,
नाटकातला नव्हे, घरातला:
"युवराज… कुठी आहेस?"
"इकडं. ये. पायाखाली वायर आहे."

मनात पन्नास मोजले.
खिडकीवर काही नव्हतं मग.

शंभर रुपये कापले मालकानं.
सकाळी स्टेज झाडलं तर
सुपलीभर पंख निघाले, राखेसारखे, हलके.
बांधीत टाकले.
दुपारी टेम्पोत सामान भरलं.
रात्री पुढच्या गावात दहाची वेळ.